सापाचं गाव कोणतं?

पावसाची पहिली मोठी सर पडून गेली की मुळशी तालुक्यातल्या जांब्यात आणि शेजारच्या मारुंजी, नेरे, पुनावळे भागात सर्पमित्रांचे फोन वाजू लागतात. कुणाच्या पार्किंगमध्ये धामण, कुणाच्या पायरीखाली नाग, कुणाच्या पाण्याच्या टाकीपाशी दिवड. सर्पमित्र येतो, साप अलगद उचलून पिशवीत घेतो. जमलेल्या माणसांचा जीव भांड्यात पडतो आणि मग एक प्रश्न हमखास येतो, "आता याला सोडणार कुठं?" घोळक्यातलं कुणीतरी अगदी मनापासून सांगतं, "लांब ताम्हिणीच्या जंगलात सोडा. तिथं सुखानं राहील बिचारा."

या सांगण्यात दया आहे. साप दिसला की काठी शोधणाऱ्या पिढीपासून आपण इथवर आलो, ही मोठीच गोष्ट. पण त्यात एक समजूतही दडलेली आहे. सापाला हवं असतं ते जंगल, आणि जंगल सगळीकडे सारखंच, ही ती समजूत. ती तपासून पाहायची तर ज्या डोंगरात आपण साप धाडू पाहतो, तिथं आधीपासून कोण राहतं आणि कसं राहतं, हे पाहायला हवं.

एकच तालुका, दोन मुलुख

जांबे आणि ताम्हिणी एकाच तालुक्यात आहेत, पण पाऊस त्यांना एक मानत नाही. जांबे तालुक्याच्या पूर्व टोकाला आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर बहुतेक ढग रिते झाल्यावर जे उरतात, ते इकडे येतात. ताम्हिणी मात्र थेट घाटमाथ्यावर, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याच्या तोंडावर आहे. पुणे शहरात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ताम्हिणीत २५ जुलै २०२४ रोजी चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. पुण्याचा पाऊणएक वर्षाचा पाऊस तिथं एका दिवसात कोसळला.

याच घाटमाथ्यावरचं ४९.६२ चौरस किलोमीटर जंगल २०१३ साली ताम्हिणी वन्यजीव अभयारण्य म्हणून जाहीर झालं. ते पुणे आणि रायगड या दोन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. क्षेत्र फार मोठं नाही, पण ते नकाशावर मोजलेलं, सपाट. प्रत्यक्षात इथं घाटमाथ्याची जमीन एकदम तुटते आणि कुंडलिकेच्या दरीत खाली कोकणाकडे कोसळते. वर वारा झेलणारे कातळ, उतारावर दाट सावलीची झाडी, तळाशी दमट ओढे. एका दिवसाच्या पायपिटीत ऊन, ओल, माती आणि गारवा चारपाच वेळा बदलतात. माणूस हे बदल अंगावर घेऊन पुढे जातो. सरपटणाऱ्या प्राण्याच्या जगण्याचा मात्र सगळा हिशेब यांवरच असतो.

याचं कारण त्यांच्या शरीरात आहे. आपण त्यांना थंड रक्ताचे म्हणतो, पण दुपारच्या कातळावर बसलेल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकंच गरम असतं. फरक इतकाच, की आपण अन्न जाळून अंगात ऊब तयार करतो आणि ते ती बाहेरून घेतात. ऊन हवं तेव्हा उन्हात, नको तेव्हा सावलीत किंवा बिळात. या पद्धतीचा फायदा मोठा आहे. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत साधारण दहाव्या हिश्श्यात त्यांचं भागतं. एक उंदीर गिळून साप कित्येक दिवस निवांत राहतो तो यामुळेच. पण किंमतही तशीच आहे. शेकायची जागा, लपायची जागा आणि खाणं या तिन्ही गोष्टी आवाक्यात असाव्या लागतात. त्यामुळे सापाला 'जंगल' म्हणजे हजारो एकर झाडी नव्हे. त्याला ठाऊक असलेली बिळं, दगड, बांध आणि ओढे म्हणजेच त्याचं जंगल.

मातीखालचा रहिवासी

सुरुवात डोंगराच्या पोटापासून करू. पावसाळ्यात घाटातल्या ओल्या रस्त्यावर कधीकधी करंगळीएवढा जाड, गुळगुळीत, काळपट तपकिरी जीव संथपणे सरकताना दिसतो. एका टोकाला निमुळतं डोकं. दुसरं टोक मात्र कुणीतरी कोयत्यानं तिरकं छाटल्यासारखं आणि खरखरीत. हा खापरखवल्या. अनेक जण त्याला गांडूळ समजतात, काही जण सापाचं पिल्लू समजून ठेचतात. तो पूर्ण वाढलेला, बिनविषारी आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला साप आहे.

त्याचं आयुष्य मातीखाली जातं. निमुळत्या डोक्यानं तो भुसभुशीत माती बाजूला सारत बोगदा करतो आणि गांडुळं खातो. छाटल्यासारख्या शेपटीवरच्या खरबरीत खवल्यांवर माती चिकटून थर बसतो. मागून कुणी बोगद्यात शिरू पाहिलं, तर ही शेपटीच दाराला लावलेल्या बोळ्यासारखी आड येते. भक्षकानं शेपटीलाच डोकं समजून तोंड घातलं, तर खरं डोकं सहीसलामत राहतं. मादी अंडी घालत नाही. थेट पिल्लांना जन्म देते.

खापरखवल्यांचं हे कुळ जगात फक्त दक्षिण भारताच्या द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आहे. आपल्या सह्याद्रीतल्या एका जातीला फिप्सन यांचं नाव आहे. १८८३ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सुरुवातीच्या आधारस्तंभांपैकी ते एक. सोसायटी सुरू झाल्यावर पाचच वर्षांनी, १८८८ साली, या सापाचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं.

आता त्याच्या शेजारी वाळा ठेवून पाहा. वाळाही मातीतलाच, सुतळीएवढा, आंधळ्यासारखा दिसणारा साप. जांब्यातल्या सोसायटीतली कुंडी उलटी केली, तर तोही सापडेल. त्याच्या जातीत नर नसतोच, सगळ्या माद्या. नराशिवाय अंडी घालतात आणि त्यातून पुन्हा माद्याच निपजतात. त्यामुळे मातीच्या एका गोळ्याबरोबर एक वाळा परदेशी गेला तरी तिथं वस्ती उभी राहते. रोपांच्या कुंड्यांतून तो असा जगभर पसरला आहे. वाळा कुठंही नांदतो. खापरखवल्याला मात्र त्याच्याच डोंगरातली, सावलीतली, ओल धरणारी, पालापाचोळ्याची माती लागते. दोघेही मातीत राहतात, पण एकाला सारं जग गाव आहे आणि दुसऱ्याला एक डोंगर. सापांची बदली करताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

कातळावरचे पालींचे किल्ले

जमिनीवर आलो की कातळ लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचले, त्यातून हा काळा पाषाण झाला. त्याच्या कपारी म्हणजे पालींचे वाडे. घरातली पाल रात्री हिंडते आणि तिची बाहुली मांजरासारखी उभी असते. सह्याद्रीच्या कपारींत मात्र बोटाएवढ्या लहान पाली दिवसाउजेडी फिरतात आणि त्यांची बाहुली गोल असते. दगडाच्या रंगात त्या इतक्या मिसळलेल्या असतात, की हालचाल होईतो दिसत नाहीत.

गेल्या वीसेक वर्षांत सह्याद्रीतल्या पालींनी अभ्यासकांना पुन्हा पुन्हा चकित केलं आहे. डॉ. वरद गिरी यांनी २००८ साली पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नर तालुक्यात, घाटघर परिसरातून, दगडांत राहणाऱ्या पालीची नवी जात जगासमोर आणली. त्याच वर्षी साताऱ्याच्या नावाची एक पाल नोंदली गेली, पुढच्या वर्षी कोल्हापूरच्या नावाची. २०१४ साली कासच्या परिसरातून आलेल्या नव्या पालीला गिरी यांचंच नाव मिळालं. एवढ्याशा मुलुखात इतक्या जाती कशा? इवल्याशा पालीला दोन डोंगरांमधली उघडी, तापलेली दरी म्हणजे समुद्रच. ती ओलांडता येत नाही. लाखो वर्षं एकेका डोंगरावर अडकून राहिलेल्या पाली वेगवेगळ्या वाटांनी बदलत गेल्या. मराठेशाहीत डोंगरागणिक किल्ला होता. पालींच्या राज्यात डोंगरागणिक जात आहे.

कातळाच्या कडेला गवतात सापसुरळी सळसळते. गावाकडे तिला सापाची मावशी म्हणतात. तिला चार पाय असतात, विष मुळीच नसतं, आणि सापांशी तिचं नातं लांबचं आहे. याच उतारांवर घोरपडही आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या यशवंती घोरपडीची कथा मराठी मुलांना शाळेआधी ठाऊक असते. तिच्या पंजाची पकड खरोखरच जबर आहे. पण आज तिला जपायची पाळी आपली आहे. मांसासाठी आणि तेलासाठी तिची शिकार होत आली. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला स्थान आहे, म्हणजे वाघाला असतं तेच संरक्षण.

फांदीवर आणि ओढ्याकाठी

झाडीत शिरलं की नजर वर न्यावी लागते. हरणटोळ हा पोपटी हिरवा, चाबकासारखा बारीक साप फांदीवर वेलीसारखा डुलत असतो. तो माणसाची टाळू फोडतो ही दहशत गावोगाव आहे. खरं तर तो सरडे आणि बेडूक टिपण्यात गुंतलेला असतो आणि त्याचं सौम्य विष माणसाला मारत नाही. त्याची खरी करामत डोळ्यांत आहे. बाहुली आडवी असते आणि डोळ्यांपुढे मुस्कटावर दोन खाचा असतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी नेम धरून त्याला भक्ष्याचं अंतर अचूक जोखता येतं. हा सगळीकडे एकच साप आहे, असं फार काळ मानलं गेलं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच्या अनेक जाती निघाल्या आणि उत्तर सह्याद्रीतला हरणटोळ स्वतंत्र जात ठरला.

त्याच झाडीत, बहुधा ओढ्यालगतच्या झुडपावर, चापडा वेटोळं घालून बसलेला असतो. हिरवा रंग, त्रिकोणी डोकं, बारीक मान. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा असतो. तो उष्णता 'पाहतो'. काळ्याकुट्ट रात्री उंदराच्या अंगाची ऊब आजूबाजूच्या गारव्यातून वेगळी ओळखायला तो पुरतो. चापडा दिवसेंदिवस एकाच फांदीवर वाट पाहू शकतो. त्याच्या दंशानं जबर वेदना आणि सूज येते, मृत्यू मात्र क्वचित. वाटेतल्या फांदीला हात घालण्याआधी पाहणं हाच त्याच्याशी सलोखा.

ओढ्याकाठचा एक साप तर आपल्याला अगदी अलीकडे कळला. कोयनेच्या जंगलात, म्हणजे आजच्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या मुलखात, मिळालेल्या मांजऱ्या कुळातल्या या सापाचं वर्णन २०१९ साली प्रसिद्ध झालं आणि तो पहिल्यांदा पाहणाऱ्या तेजस ठाकरे यांचं नाव त्याला देण्यात आलं. पश्चिम घाटात या कुळातली नवी जात सव्वाशे वर्षांनी सापडली होती. त्याचं खाणं पाहा. इथला एक रातबेडूक पावसाळ्यात वाहत्या ओढ्यावर झुकलेल्या पानांवर अंडी घालतो, म्हणजे फुटल्यावर पिल्लं थेट पाण्यात पडावीत. हा साप रात्री येऊन ती अंडी खातो. सापाला बेडूक हवा, बेडकाला ओढ्यावर झुकलेलं पान हवं, पानाला झाड हवं. काठावरची चार झाडं तोडली तर ही सगळी साखळी तुटते.

माथ्यावरचा सडा

आता डोंगराच्या माथ्यावर. सह्याद्रीच्या माथ्यांवर जांभ्याची किंवा काळ्या कातळाची उघडी, सपाट पठारं असतात. त्यांना सडा म्हणतात. सरकारी कागदात पूर्वी यांची गणना पडीक जमिनीत व्हायची. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत जाऊन पाहावं. दगडावर चढून एक लहानसा सरडा गळ्याची पिशवी पंख्यासारखी उघडतो. निळा, काळा, नारिंगी असे रंग क्षणभर झळकतात आणि मिटतात. माद्यांना बोलावण्याची आणि दुसऱ्या नरांना दटावण्याची ही त्याची भाषा. २०१६ साली या सरड्यांचा नवा गट अभ्यासकांनी वेगळा केला तेव्हा त्याला नाव दिलं 'सरडा', आपल्या मराठीतला साधा शब्द. लॅटिन-ग्रीक नावांच्या जागतिक यादीत आता तो कायमचा आहे.

याच पठारावर पवनचक्क्या आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी इथं केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. साहजिकच सरडे वाढले. पण ते बदललेही. माणूस जवळ आला तरी लवकर पळेनात, अंगानं रोडावले, गळ्याचे रंग फिके पडले. एकाही सरड्याला कुणी हात लावला नव्हता. फक्त वरचं आकाश बदललं, आणि खालचा सरडा वेगळा झाला. जागा आणि जीव किती घट्ट विणलेले असतात, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

पिशवीतला साप

आता पुन्हा जांब्याला, सर्पमित्राच्या पिशवीपाशी येऊ.

पिशवीतला नाग किंवा धामण ताम्हिणीत जगूच शकणार नाही, असं नाही. नाग तिथंही आहेत, धामणीही आहेत. प्रश्न जातीचा नसून त्या एका सापाचा आहे. तो आपल्या भागातली उंदरांची बिळं, दगडी बांधाच्या फटी, हिवाळ्यातल्या उन्हाचा कोपरा, विसाव्याची वारुळं ओळखून असतो. पन्नास किलोमीटर दूर नेलं की हा सगळा नकाशा पुसला जातो. अमेरिकेत रॅटलस्नेकवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दूर नेऊन सोडलेले साप तिथल्या मूळ रहिवाशांच्या कितीतरी पट जास्त प्रमाणात दगावले. कर्नाटकात आगुंबे इथं नागराजांच्या अंगात रेडिओ बसवून माग काढला गेला, तेव्हा दूर सोडलेला नागराज ठाव न लागल्यासारखा लांबलांब भटकत राहिला. भटकणारा साप रस्ते ओलांडतो, वस्त्यांत शिरतो, शत्रूला दिसतो. आपण जंगलात सोडलं म्हणून समाधानानं परततो, तेव्हा त्याची वणवण सुरू झालेली असते. शिवाय नवा पाहुणा सोबत कोणते जंतू घेऊन येतो, याचा भार ताम्हिणीतल्या जुन्या रहिवाशांवर पडतो.

शिवाय साप नेले म्हणून गावातले साप संपतही नाहीत. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांच्या शिरावर इनाम वाढवलं गेलं, तेव्हा आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी मारली गेली. फुरसं आजही कोकणच्या सड्यांवर आहे. दगड तेच, विंचू-किडे तेच, मग रिकामी झालेली जागा भरतेच. जांब्यात उघडा कचरा आणि त्यावर पोसलेले उंदीर राहिले, तर एक साप नेला तरी दुसरा येणारच.

सापाच्या विषालाही गाव असतं, हे तर आणखी महत्त्वाचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्धची लस भारतात प्रामुख्यानं तमिळनाडूत इरुला समाजाच्या सहकारी संस्थेनं काढलेल्या विषापासून बनत आली. घोड्याला विष थोडंथोडं टोचून त्याच्या रक्तातून ती तयार होते. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसून आलं आहे. म्हणून प्रादेशिक लशींची गरज आज बोलली जाते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली. सापांविषयीची माया या आकड्याकडे पाठ फिरवून करता येत नाही. रात्री बाहेर पडताना बॅटरी, शेतात बूट, झोपायला खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी हवी, कारण मण्यार रात्रीच जमिनीवर झोपलेल्यांना चावते आणि दंश अनेकदा कळतही नाही. दंश झालाच तर आवळपट्टी नको, चिरा नको, मांत्रिक नको. १०८ ला फोन आणि लस असलेलं रुग्णालय, एवढंच.

आपल्या बाजूनं

ताम्हिणीसाठी आपण करू शकतो त्या गोष्टी सापांची पिशवी तिकडे नेण्याहून साध्या आहेत. पावसाळी सहलीला घाटात गाडी हळू चालवायची. भिजल्या रस्त्यावर खापरखवल्या, चापडा, बेडूक सगळेच उतरलेले असतात आणि एका शनिवार-रविवारात चाकांखाली किती जातात त्याची गणती नाही. उन्हाळ्यात वणवा दिसला तर लगेच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. पुढच्या पावसात गवत चांगलं येईल म्हणून लावलेली आग पालापाचोळा जाळते, आणि पालापाचोळा हेच मातीतल्या सापांचं छप्पर असतं. पक्ष्याला उडून जाता येतं. खापरखवल्याला नाही.

आणि जांब्यात? साप घरात शिरला तर १९२६ ला किंवा वनविभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवावं आणि तो साप जवळच, ओढ्याच्या काठी किंवा माळाच्या कडेला सोडू द्यावा. 'इतक्या जवळ?' असं वाटतं खरं, पण तो आलाही इतक्याच जवळून असतो. जवळ सोडायला जवळ जागा उरली पाहिजे, ही खरी अडचण आहे. जांब्याच्या आजूबाजूला इमारती झपाट्यानं उभ्या राहत आहेत. ओढे पाइपात जातात, दगडी बांध जेसीबीखाली सपाट होतात, माळावर राडारोडा पडतो. सोसायटीच्या आराखड्यात ओढ्याचा काठ सिमेंटविना ठेवता येतो. दोन शेतांमधला एक जुना बांध, त्याच्या निवडुंगासह आणि वारुळासह, तसाच राहू देता येतो. असा एक बांध धामणीला पुरतो, आणि एक धामण वर्षभर किती उंदीर उचलते, हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढच्या पावसात पार्किंगमध्ये पुन्हा घोळका जमेल. सर्पमित्र पिशवीचं तोंड बांधेल आणि कुणीतरी विचारेल, कुठं सोडणार? तेव्हा ताम्हिणीचं नाव घेण्याआधी एकदा मागच्या ओढ्याकडे पाहावं. तो अजून वाहत असेल, त्याच्या काठावर गवत असेल, तर उत्तर तिथंच आहे.